उविलुकच्या खाडीत काहीच नाही

वारा पहाटेच पडला होता. पारा उणे बावीसवर, आभाळ घासून ठेवल्यासारखं, आणि सूर्य तर एप्रिल लागल्यापासून घरी जायचं विसरत चाललेला. अशा सकाळी आमच्या गावात कुणी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढत नाही. उन्हाळा आला म्हणतात. उविलुक दारापुढच्या फळीवर गुडघे टेकून बसली होती. पुढ्यात नत्सिक सीलचं कातडं, हातात उलू. अर्धचंद्रासारखी ती बायकी सुरी ती अशी फिरवते की चरबी सायीसारखी गोळा होत येते आणि कातड्याला ओरखडा म्हणून उठत नाही. शेजारी तिचा कुत्रा सिउती, चरबीच्या प्रत्येक गोळ्यामागे मान वळवत. सिउती म्हणजे कान. पिल्लू असताना कान मोठे होते म्हणून ते नाव पडलं. आता अकरा वर्षांचा झालाय आणि ठार बहिरा आहे.

मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून गेलो.

"या मामंजी," ती मान वर न करता म्हणाली. "आज सकाळच्या पारीच? कचेरीनं हाकललं जनू?"

"सूनबाई, च्या तरी विचाराल का न्हाई?"

"च्या किटलीत हाय. हात मोडल्यात व्हय तुमचं?"

मी अडतीस वर्षांचा, ती चौसष्टची. माझ्या बापाची सख्खी बहीण. पण मी जन्मलो त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिचा सासरा पाल्लुक वारला आणि त्याचं नाव मला मिळालं. आमच्यात नाव आलं की माणूस आलं. मी दुपट्यात होतो तेव्हा ती मला पाहायला आली आणि म्हणाली म्हणे, "मामंजी, मागल्या खेपेला लई घोरायचा. या खेपेला जरा बेतानं." तेव्हापासून ती मला मान देते आणि त्याच तोंडानं झाडतेही. म्हातारा पाल्लुक शिकारीत यथातथाच होता. मीही तसाच निघालो. गावाला त्यात काही नवल वाटलं नाही. मी कचेरीत दुभाष्या झालो.

उविलुकचं मात्र उलटं. नवरा गेल्यावर तिनं त्याची बंदूक, भाला आणि बर्फगाडी, तिन्ही आपल्याच हातात ठेवली. बर्फातल्या सीलांबद्दल ती शेजारपाजारच्यांबद्दल बोलावं तसं बोलते. नत्सिक तिच्या मते घरंदाज. किनाऱ्याला चिकटलेलं, न हलणारं बर्फ हेच त्याचं गाव. पुरुषभर जाड बर्फातनं नखांनी श्वासाची भोकं उकरून ठेवायची, हिवाळाभर ती गोठू द्यायची नाहीत, आणि वर साचलेल्या हिमाच्या ढिगात खोली कोरून बाळंत व्हायचं. "माहेराला जायाची भानगड न्हाई." दाढीवाला उज्जुक हा बिऱ्हाडकरू. त्याला हलतं, फुटकं बर्फ लागतं आणि खाली उथळ पाणी, शिंपले खायला. काइरुलिक म्हणजे वऱ्हाड. उन्हाळ्यात झुंडीनं येणार, मासे फस्त करणार, उष्टं टाकून दक्षिणेला जाणार. आणि खोल दर्यातल्या तरंगत्या बर्फावर राहणारा, नाकातून तांबडा फुगा फुगवणारा तो नत्सिवाक? "ती बडी असामी. आपल्या दारात यायची न्हाई."

हे सगळं ती पोरासोरांना हसत सांगते. पण कुठल्या खाडीत किती, हे तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. स्वभाव सांगावा, ठावठिकाणा सांगू नये. जनावर ऐकत असतं. "माझ्या खाडीत इतकी आहेत" अशी फुशारकी मारणाऱ्याच्या खाडीतनं ती मुकाट्यानं उठून जातात. म्हणून तर आमच्याकडे घसरगाडीवर तीन सील बांधून आणलेला माणूसही दारात येऊन म्हणतो, "काय मिळालं न्हाई बा. जरा हात लावा उतरवायला." आणि बायका सुऱ्या घेऊन धावतात.

हे दक्षिणेतल्या माणसाला कोण सांगणार? सांगायला मी होतो. नाही सांगितलं.

मागच्या एप्रिलात नकाशेवाला ब्लेन विमानातनं उतरला. जाडजूड, गोल डोळे, ओठावरून खाली वळलेल्या ताठ मिशा. पोरींनी तिथल्या तिथं त्याचं नाव उज्जुक ठेवलं. त्याला अर्थ कळला तेव्हा तो खूशच झाला. त्याला बर्फातल्या सीलांचा नकाशा करायचा होता. घरोघर बसून तो जाणत्यांना विचारायचा आणि मी भाषांतर करायचो. उविलुकला त्यानं विचारलं, "आजी, समोरच्या अग्लूलिक खाडीत नत्सिकची किती घरं असतील?"

ती म्हणाली, "मला म्हातारीला काय ठावं? नसतील बी. आसलं तर एखादं, त्ये बी रोडकं."

मी शब्दाला शब्द सांगितला. ब्लेनच्या पेन्सिलीनं कागदावर एक शून्य काढलं ते मी पाहिलं. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, समजून घेईल. मला भर घालता आली असती. पण मी त्या खाडीत एक घर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेलं बोलणं आमच्यात चोरीहून हलकं. तेव्हा मी नुसता चहा प्यायलो.

यंदा ब्लेन पक्का नकाशा घेऊन परत आला होता, आणि तो नकाशा आता माझ्या काखेत होता. मी तो फळीवर पसरला. तिनं चरबीचं बोट त्यावर ठेवलं.

"ही कंची जागा?"

"आपली अग्लूलिक."

"मग ही कोरी का? ह्या पल्याडच्या खाडीत बघा केवढं ठिपकं! तितं तर कोल्ह्याला बी उपास पडतो."

"ते तिकडं शिकारीला जाणाऱ्या काउनाकनं सांगितलं. म्हणाला, लई हायती."

"काउनाक दात आल्यापासनं खोटं बोलतोय! आन् ही तांबडी रेघ?"

"खाणीच्या जहाजांचा रस्ता. पुढल्या वसंतापासून बर्फ फोडत जाणार. जिथं काही राहत नाही, तिथनं न्यायचा म्हणतात. गुरुवारी शाळेच्या हॉलात सुनावणी आहे. हा नकाशा आज चारच्या विमानानं पुढं जातो आणि त्याच्यावरच ठरतं."

उलू थांबली. कातडं अर्धं असताना तिचा हात थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. तिनं खाडीकडं पाहिलं. घरापासून हाकेच्या अंतरावर, पांढरी, सपाट, मुकी.

"समजा," ती हळूच म्हणाली, "नुसतं समजा हां. एखादं पिल्लू आसलंच. पांढऱ्या लोकरीचं. त्ये थंड पान्यात टिकत न्हाई अजून. वरनं जहाज गेलं तर त्यानं कुठं जायाचं?" मग माझ्याकडं वळली. "पाल्लुक."

जन्मात पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली होती.

"तू त्याला 'नसतील बी' आसंच सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"आरं, म्या म्हनले त्ये सांगायचं, का मला म्हनायचं व्हतं त्ये?"

"दुभाष्यानं आपल्या पदरचं घालायचं नसतं, सूनबाई."

"मागल्या खेपेला बी तुमी आसंच व्हता! दाखवलं तितंच तंबू ठोकनार, मग भरतीनं अंथरून भिजलं तरी चालंल." उलू फळीत रोवून ती उठली. "चला. कुटं हाय तो उज्जुक?"

ब्लेन कचेरीत सामान भरत होता. पत्र्याच्या पेट्या, दोऱ्या, ओले मोजे. उविलुक खुर्चीवर बसली, हात गुडघ्यावर, शाळेत पहिल्यांदा बसवल्यासारखी. मी सांगितलं की आजीला अग्लूलिकबद्दल आणखी बोलायचं आहे. तो लगेच पेन्सिल घेऊन समोर बसला.

"सांगा आजी. किती आहेत?"

तिनं छताकडं पाहिलं. मग खिडकीकडं, खिडकीतनं खाडी दिसते. खाडीला ऐकू जाईल म्हणून की काय, तिनं आवाज पार खाली आणला. कपाळावर घाम आला.

"नसतील," ती म्हणाली. मग घशात अडकलेलं हाड काढावं तसं एकेक शब्द काढत, "पर... नसतीलच... आसं बी न्हाई."

मी भाषांतर केलं.

"म्हणजे एक लिहू?" ब्लेननं विचारलं.

"रोडकं," मी प्रामाणिकपणे आठवण दिली.

उविलुकनं माझ्याकडं असं पाहिलं की पहिल्या पाल्लुकलाही थडग्यात घाम फुटला असेल. ती उठली.

"त्याला म्हनावं, मला कुत्रं फिरवून आनायचंय. बहिरं हाय. सोबतीला मानूस आसंल तर बरं."

ब्लेननं घड्याळ पाहिलं. साडेअकरा. "आत्ता? कुत्रा फिरवायला?"

आणि मग, सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, मी पदरचे दोन शब्द घातले. "साहेब, चलाच."

तिनं बर्फगाडी चालवली. मी, ब्लेन आणि सिउती मागच्या घसरगाडीवर. बंदूक घेतली नव्हती, भाला घेतला नव्हता. हातात एक पातळ लोखंडी सळई तेवढी होती. "चालताना आधाराला," ती म्हणाली, आणि चालताना ती तिनं खांद्यावर टाकली. किनाऱ्याच्या घट्ट बर्फाच्या लाद्या जिथं एकमेकींवर चढून उंच कडे उभे राहिलेत, त्यांच्या आडोशाला हिमाचे लांब ढीग साचतात. तिथं तिनं गाडी बंद केली आणि सगळ्या खाडीला ऐकवलं, "आज काय शिकारीला न्हाई आलो बरं का! नुसतं कुत्र्याचं पाय मोकळं करतोय!"

सिउती हिमाला नाक लावून नागमोडी निघाला. कान गेले, पण नाक शाबूत होतं. एका ढिगापाशी थांबला, दोनदा पंजा मारला आणि बसला. उविलुकनं सळई टोचली. हातभर कठीण, आणि मग सर्रकन आत, लोण्यात जावी तशी.

"हितं काय न्हाई," तिनं ब्लेनला सांगितलं. "नुसतं बर्फ."

मी भाषांतर केलं. ब्लेननं सळईकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी आभाळ पाहत होतो. त्यानं हळूच जीपीएस काढला आणि जागा टिपली.

पुढच्या ढिगातही काही नव्हतं. त्याच्या पुढच्यातही. सळई सर्र सर्र जात होती आणि उविलुक गळ्याशपथ सांगत होती, काय न्हाई, काय न्हाई. सातव्यापर्यंत ब्लेन इतका तरबेज झाला की तिनं तोंड उघडायच्या आत टिपून घ्यायचा. चौदाव्याला त्यामुळेच फसला.

"आरं, हितं न्हाई!" ती ओरडली. "खोड ते!"

"पण आजी, मघाशीसुद्धा तुम्ही नाहीच म्हणालात!"

"तवाचं न्हाई येगळं. हितं खरंच न्हाई. कुत्रं दमून बसलंय, दिसत न्हाई?"

सिउती खरोखरच डोळे मिटून पडला होता. ब्लेननं खूण खोडली आणि कुत्र्याला खिशातलं बिस्किट दिलं. त्यानंतर सिउती पूर्वीपेक्षा जास्त वेळा दमू लागला, त्यामुळे सळईवरच भरवसा ठेवावा लागला.

दोनच्या सुमारास ब्लेन फोटो काढायला म्हणून एका कड्याच्या मागं वळला. उविलुक म्हणाली, "त्याला सांगा, त्या ढिगावर पाय नगं देऊ."

मी घसा साफ केला. "साहेब, आजींचं असं म्हणणं आहे, की आपण शक्य असेल तर—"

धप्प. ब्लेन काखेपर्यंत दिसेनासा झाला. दोन्ही हात हिमावर पसरलेले, मिशांवर पांढरी भुकटी. तो ओरडेल असं वाटलं. ओरडला नाही. अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आत कुणीतरी आहे. माझ्याकडं बघतंय."

मी पालथा पडून फटीतनं डोकं घातलं. आत निळसर उजेड, ओल्या लोकरीचा आणि मासळीचा वास. बर्फाच्या ओट्यावर उशीएवढं पांढरं पिल्लू बसलेलं, डोळे डांबराच्या गोळ्यांसारखे. ब्लेनच्या गुडघ्याकडं पाहून ते फिस्कारलं. ब्लेनचा डावा बूट थेट श्वासाच्या भोकात, आणि त्याच्या शेजारच्या पाण्यातनं एक काळं नाक वर आलं, फुस्स करून बुटाचा वास घेतला आणि गायब झालं.

"पाय काढ म्हनावं आधी!" वरनं उविलुक. "त्या बाईचं दार अडवून बसलाय! तिला दम घ्यायचाय!"

हे मी फार लवकर भाषांतरित केलं. दोघांनी मिळून त्याला उपसून काढला. उविलुकनं घसरगाडीतनं हिम कापायची सुरी काढली, जवळच्या ढिगाची एक लादी कापली, भगदाडावर बसवली, फटीत भुसभुशीत हिम भरून भाकरीसारखं थापलं. वारा आत जाता कामा नये, कोल्ह्याला वास लागता कामा नये. मग छपराशी तोंड नेऊन ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"माफी मागितली. म्हनलं, दक्षिनेचा हाय, लोकांच्या घराला दार कुटं आसतं त्ये ठावं न्हाई त्याला."

ब्लेनचा मोजा तोवर लाकडासारखा झाला होता. तिनं त्याला घसरगाडीवर बसवलं, बूट ओढला, मोजा ओढला, आपला जाड अंगरखा वर केला आणि त्याचा उघडा पाय थेट पोटाला लावून घेतला. ब्लेन मिशांच्या मुळापर्यंत लाल झाला.

"लाजतोय काय?" ती म्हणाली. "आज्जीएवढी हाय म्या तुझ्या. हलव बोटं. मामंजी, त्याला सांगा, बोटं न्हाई हलवली तर कापून कुत्र्याला घालीन."

मी 'आजी काळजी करत आहेत' एवढंच सांगितलं. पदरचं घालायची एकदा सवय लागली की लागतेच.

सव्वातीनला आम्ही कचेरीत परतलो. ब्लेन एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात उविलुकचा लोकरी हातमोजा घालून टेबलाशी बसला आणि कोऱ्या खाडीत ठिपके देत गेला. एकवीस. शेवटचा त्यानं जरा मोठा काढला. मग छापील कागद तिच्यापुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं, वरील एकवीस घरांची माहिती मी दिली असून ती खरी आहे. खाली सही.

उविलुकनं एका बोटानं तो कागद परत ढकलला.

"म्या कुटं माहिती दिली? दिसभर म्हनतेय, काय न्हाई म्हनून."

"आजी, गावातल्या जाणत्याच्या सहीशिवाय सुनावणीवाले नकाशा घेणार नाहीत. कोराच राहील मग."

"आकडा लिवलाय त्याच्यावर. त्या आकड्याखाली म्या नाव घालू? उद्या खाडीतली समदी उठून जातील. मग तुजं जहाज आलं काय आन् न्हाई आलं काय!"

डोंगराआडनं विमानाचा आवाज येऊ लागला. ब्लेननं डोकं धरलं. मी सिउतीकडं पाहिलं. त्याला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. खोलीत एकट्यालाच सुख होतं.

उविलुकनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "एकवीस कुनी मोजली?"

"मी," ब्लेन म्हणाला.

"आत कोन पडलं?"

"मीच."

"पिल्लू कुनी पाह्यलं? म्या तर वाकले बी न्हाई."

"मी पाहिलं. आणि यांनी." त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"मग ज्यानं पाह्यलं त्यानं बोलावं. आमच्यात रीतच हाय तशी. म्हातारीला कशाला पुढं करता?"

ब्लेननं पेन उचललं. मग त्यानं छापील ओळीवर काट मारली आणि हातानं लिहिलं: 'ही घरं मी स्वतः पाहिली. त्यांपैकी एकात पडलो.' खाली सही केली. त्याच्याखाली मी लिहिलं: 'पिल्लू मीही पाहिलं. पाल्लुक.' आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोललेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य जड जातं.

"तरी जाणत्याची जागा रिकामी राहते," ब्लेन म्हणाला.

"रस्ता कुनी दावला?" तिनं विचारलं.

"कुत्र्यानं."

"मग त्याची मालकीन म्हनून करते." आणि तिनं आमच्या लिपीत, ठसठशीत, लिहिलं: 'उविलुक, कुत्र्याची मालकीण'. चार वाजता नकाशा विमानात चढला. मागनं हातमोजा घातलेला पाय ओढत ब्लेनही.

गुरुवारी तो पुन्हा आला, सुनावणीला. शाळेच्या हॉलात पाठीमागं पोरांचे झेंडे, पुढं टेबलामागं निकाल देणारी पाच माणसं. खाणीकडची एक बाई म्हणाली, गेल्या वर्षी इथं शून्य होतं, वर्षात एकवीस कशी झाली? अध्यक्षांनी भाषांतरासाठी माझ्याकडं पाहिलं. मी भाषांतर केलं, आणि मग खाली न बसता म्हणालो, "शून्य मीच सांगितलं होतं. तेव्हा पाहिलं नव्हतं. आता पाहिलंय." आकडा निघाला की उविलुक टोपीचे कान घट्ट धरायची. ब्लेन उठला आणि आपण कसे पडलो ते सांगू लागला; काळ्या नाकानं बुटाचा वास घेतला तिथं येईपर्यंत टेबलामागची पाचही माणसं हसत होती. चहानंतर त्यांनी तांबडी रेघ उचलली आणि खाडीच्या बाहेर, भूशिराला वळसा घालून, हलत्या बर्फात नेऊन ठेवली.

घरी येताना मला वाटलं, ती आता तरी बरं बोलेल.

"भूशिराच्या भायेर?" ती म्हणाली. "तितं उज्जुक आसत्यात. त्येंच्या कातड्याबिगर बुटाला तळवं कशाचं लावू? तुमच्या नकाशाचं?"

"मग तिकडंही कुत्रं फिरवू की, सूनबाई."

"त्ये बर्फ हालतंय, मामंजी. कुत्रं बुडंल." तिनं मागनं लंगडत येणाऱ्या ब्लेनकडं हनुवटी केली. "ह्येलाच पाठवा. भाऊबंद हायती त्येचं. वळखतील."

ब्लेननं विचारलं, काय म्हणतात आजी. मी सांगितलं, जेवायला बोलावतायत. ते खोटं नव्हतं. घरात उकडलेलं मांस होतंच. दारात येऊन मी तिला विचारलं, "पण खाडीतली गेली तर नाहीत ना, एवढं बोलणं झाल्यावर?"

तिनं खाडीकडं पाठ केली आणि खांदे उडवले. "मला म्हातारीला काय ठावं? नसतील बी."

दोरीवर सकाळचे कपडे वाळत होते, म्हणजे गोठून फळ्या झाले होते. तिनं एकेक चिमटा काढला, नवऱ्याची जुनी विजार उभीच्या उभी कमरेला धरली, दोन सदरे दुसऱ्या काखेत मारले आणि आडवी होऊन दारातनं घुसायला लागली. विजारीचा एक पाय चौकटीत अडकला.

"मामंजी," ती म्हणाली, "बघत काय उभं राह्यलासा? दार धरा."